मायच्या नावाची हजेरी

मायला जाऊन पंचेचाळीस वर्षं झाली. मागच्या शनिवारी शाळेत तिचं नाव वाचलं गेलं आणि मी "हाजर" म्हणून उभी राहिले.

ठरवून केलं नाही. नाव कानावर पडलं आणि गुडघे आपोआप सरळ झाले. एरवी खुर्चीवरून उठताना मला कशाला तरी हात टेकावा लागतो. उभी राहिल्यावर ध्यानात आलं की शाळेच्या मॅडम आमच्या बंद पडलेल्या कारखान्यातल्या, आता हयात नसलेल्या कामगारांची नावं वाचत होत्या, आणि एकेका नावानंतर सगळे थोडा वेळ गप्प बसत होते. त्या गप्पपणात माझा आवाज फार मोठा झाला. मागून कोणीतरी फिसकन हसलं. मॅडम जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "आजी, हे तुमचं नाव आहे का?"

मी मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते मलाही सांगता येणार नाही. मग तशीच बाहेर निघाले, दारातल्या चपला पायांत सरकवल्या आणि घर गाठलं. सून म्हणाली, "आई, हे काय घालून आल्या? एक तुमची अन एक कोणाची?"

लोकांसमोर मला बोलता येत नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण लिहिता येतं. नातीनं सहा पानं वापरून टाकून दिलेली ही वही मी ठेवून घेतली आहे. मॅडम गुरुवारी घरी येणार असा निरोप आला आहे. आमच्या लाखेच्या कारखान्याच्या आठवणी त्या शाळेच्या एका खोलीत जमा करून ठेवत आहेत. कारखान्यात हजेरी घेणाऱ्या मुन्शीच्या घरच्यांनी हजेरीची जुनी बुकं त्यांना दिली, त्यातली नावं त्या भिंतीवर रंगवणार आहेत. माझ्याकडून त्यांना एवढंच पाहिजे, की त्या एका नावाची बाई कोण. खरं सांगितलं तर मायचं नाव अर्ध्यातून तुटेल. नाही सांगितलं तर मी त्या कारखान्यात कधी नव्हतेच. गुरुवारच्या आत ठरवायचं आहे, म्हणून लिहून बघते.

कारखाना होता तिथे आता लॉन आहे. लग्नं लागतात. त्या लॉनवर मी दोनदा जेवून आले. नवरानवरी जिथे उभे राहतात तिथे आमचे हौद होते, हे जेवणाऱ्यांपैकी कोणाला माहीत नव्हतं. दोन्ही वेळा मी खुर्चीखाली चपला काढून ठेवल्या आणि हिरव्या गालिच्यावर पाय टेकवून बसले. गालिचा कोरडा होता, पण माझे तळवे ओले झाल्यासारखे वाटत राहिले. जेवण गेलं नाही.

पळसाच्या आणि कुसुमाच्या फांद्यांवर बारीक किडे लाख करतात. जंगलाकडून ती पोत्यांनी यायची. खरवडून, कुटून, चाळून तिचे दाणे झाले की ते आमच्याकडे, घसाईवाल्या बायांकडे यायचे. घसाई म्हणजे पायांनी धुणं. गुडघ्याएवढा सिमेंटचा हौद, त्यात दाणे, पाणी आणि एक बाई. भिंतीत लोखंडी दांडा बसवलेला असायचा. तो दोन्ही हातांनी धरायचा, उजव्या पायावर उभं राहायचं आणि डाव्या पायानं दाणे हौदाच्या खरबरीत तळावर घासायचे. कंबर फिरली पाहिजे, नुसता पाय नाही. पाणी लालभडक व्हायचं. ते सोडून द्यायचं, दुसरं घ्यायचं. चौथ्या पाण्याला दाणा पिवळट दिसायला लागला की झालं. मग तो वाळवायचा, सुपानं पाखडायचा आणि भट्टीकडे पाठवायचा.

भट्टीवर मिर्झापूरकडचे कारागीर होते. ते लाख वितळवून तिचा पत्रा ताणत, हातांनी, पायांनी आणि दातांनी. गरम पत्र्याची वरची कड दातांत धरून माणूस मागे झुकायचा आणि पत्रा धोतराएवढा लांब व्हायचा, इतका पातळ की पलीकडचा माणूस दिसावा. त्या पत्र्याला चपडा म्हणत. त्या कारागिरांपैकी एक म्हातारा शनिवारी आला होता. मॅडमनी दातांबद्दल विचारलं तर तोंड उघडून दाखवलं, समोर काहीच नव्हतं. म्हणाला, "लोग बोलते हैं पान खाके गए. अरे, मालिक का चपडा खा गया मेरे दाँत!" सगळे हसले. मी पण हसले. त्यानं चपड्याचा एक तुकडा सोबत आणला होता आणि तो हातोहात फिरत माझ्याकडे आला. मी तो नाकाशी नेला. पंचेचाळीस वर्षांचं मधलं सगळं गेलं. माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर कोणीतरी येऊन बसलं आहे असं वाटलं, आणि मी त्या बाजूला पाहिलं नाही. त्यानंतर थोड्याच वेळात मॅडमनी नावं वाचायला घेतली.

लाखेचा लाल रंग पायांत मुरतो. आठ दिवस घासले तरी भेगांमधून जात नाही. माझी माय लवकर विधवा झाली होती. पांढऱ्या पडलेल्या लुगड्याखाली तिचे पाय माहूर लावलेल्या नवरीसारखे लाल. नळावर एक शेजारीण तिला म्हणाली होती, "पायले माहूर लावून कोणाच्या लग्नाले चालली वो?"

माय घागर उचलत म्हणाली, "तुया नवऱ्याच्या. तुले आवतन नाई आलं काय?"

माय अशी होती. मी तिच्यासारखी झाले नाही.

आमच्याकडे बाईला माहेरच्या गावावरून हाक मारतात. माय मुर्रीची, म्हणून ती मुर्रीवाली. तिच्या समोरच्या हौदात अर्जुनीवाली, तिच्या पलीकडे प्रतापगडवाली. दहा वर्षं एकमेकींसमोर पाय घासून एकमेकींचं खरं नाव तोंडी न घेतलेल्या बाया होत्या त्या. घरी नवरा नाव घेत नसे, सासू घेत नसे. नाव घेतलं जायचं ते फक्त सकाळी आठ वाजता. भोंगा व्हायचा आणि मुन्शी फाटकात उभा राहून हजेरीच्या बुकातून नावं वाचायचा. दिवसातून तेवढं एकदा. बाया त्यासाठी डोक्यावरचा पदर नीट करायच्या. माय तर "हाजर" असं ओरडायची की मुन्शी एकदा म्हणाला, "बाई, मैं यहीं खड़ा हूँ, नागपूर में नहीं."

मायचा एकच गर्व होता. हजर असलं की बुकात ह आणि गैरहजर असलं की ग. ती म्हणायची, "माह्या नावापुढं ग लागला नाई कधी." तिला वाचता येत नव्हतं. ह आणि ग एवढी दोन अक्षरं मात्र ती मुन्शीच्या खांद्यावरून बघून शिकली होती.

मी सोळा वर्षांची असताना माय पोटाच्या दुखण्यानं अंथरुणाला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाली, "तू जा. नाव पुकारलं का हाजर म्हणजो. ग नोको लागू देऊ."

मी गेले. मुन्शीनं नाव वाचलं. बायांच्या मागे उभी राहून मी हळूच म्हटलं. त्यानं चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "तू कौन?" अर्जुनीवालीनं सांगितलं, "मुर्रीवालीची पोरगी हाये, बदली आली." मुन्शीनं ह लावला. घरी गेल्यावर मायनं पाणी मागायच्या आधी विचारलं, "लागला ना?" मग रोज संध्याकाळी तेच. लागला ना? लागला. वर्षभर असं चाललं. तिचे पाय पांढरे होत गेले आणि माझे लाल.

ती पहाटे गेली. बायांनी तिला आंघोळ घातली तेव्हा मी पायांकडे बसले होते. पायांवर रंग राहिलाच नव्हता. फक्त डाव्या पायाची करंगळी वाकडी होती, आत वळून शेजारच्या बोटावर चढलेली. घासताना डावा पाय हौदाच्या कडेला लागायचा, रोज लागायचा, त्यानं ती वळली होती. त्या करंगळीच्या खाचेत थोडासा लाल रंग उरला होता. मी ओल्या फडक्यानं पुसला. गेला नाही. विधवेच्या पायाला माहूर लावत नाहीत. मला वाटलं, तेवढा राहू दे, आणि मी पदर टाकून तो झाकला.

तेरवी झाल्यावर मी कामावर गेले. वाटलं होतं, आता माझं नाव चढेल. मुन्शी वाचत वाचत खाली आला आणि त्यानं मायचं नाव वाचलं. सगळ्या बाया माझ्याकडे बघायला लागल्या. त्यानं पुन्हा वाचलं. मग बुक मिटून मला बाजूला बोलावलं. चांगला माणूस होता, आवाज खाली आणून म्हणाला, "बेटी, नाम काटूँगा तो जगह भी कट जाएगी. नए नाम के लिए ऊपर पूछना पड़ता है, और ऊपरवाले आजकल नया नाम नहीं लेते. नाम वही रहने दे. पाँव तेरे."

घरी दोन लहान भावंडं होती. मी रांगेत परत गेले. त्यानं तिसऱ्यांदा नाव वाचलं आणि मी म्हटलं, "हाजर."

त्यानंतर दहा वर्षं मी रोज सकाळी माझी मेलेली माय होत होते.

पहिल्या पहिल्यानं भीती वाटायची. अर्जुनीवाली समोरच्या हौदातून मला बघत राहायची. एक दिवस दांडा सोडून म्हणाली, "काऊन वो, रोज तिचं नाव घेऊन राहिले हे लोक, अन तू ओ देऊन राहिली. ती जाईन कशी? बोलावलेल्या माणसाले जाता येते काय?"

प्रतापगडवाली म्हणाली, "कायले भेवाडतं पोरीले? तिची मायच हाये, भूत नाई."

"मायच हाये म्हणून तं म्हणतो," अर्जुनीवाली म्हणाली. "दुसऱ्याचं भूत दोन दिवस राह्यते."

तेव्हापासून मी ऐकायला लागले. घासताना दाण्यांचा खर्र खर्र आवाज होतो. मी पाय थांबवला की माझा आवाज थांबायचा, पण हौदातून एक खर्र उशिरानं यायचा. दाणे तळाशी बसतानाचा असेल. तसंच मी स्वतःला सांगायची. मग मी मुद्दाम मधेच थांबून बघायला लागले, आणि दर वेळी तो एक खर्र यायचा, जसं कोणी आपलं फिरवणं पूर्ण करून मगच थांबतं. माय कधी अर्ध्यात पाय थांबवत नसे. पितृमोक्षाच्या अमावस्येला तर मला काहीच कळेनासं व्हायचं. सकाळी तिच्या नावानं हाजर म्हणायचं आणि दुपारी सुट्टी घेऊन तिच्या नावानं पान वाढायचं. वाटायचं, ती म्हणेल, मी तर कामावर आहे, हे कोणाला वाढून राहिली?

कितव्या वर्षी ते आठवत नाही, पण माझं लग्न होऊन गेलं होतं. सासर गावातच, म्हणून काम सुटलं नाही. धुतलेले दाणे, म्हणजे चौरी, वाळवायची फरशी होती. हौदातून निघून आम्ही तिच्या कडेनं चालत जायचो आणि लाल पावलं उमटायची. त्या दिवशी दुपारी बाकीच्या बाया पुढे गेल्या होत्या. मी सूप विसरले म्हणून परत वळले आणि फरशीवर मायचं पाऊल पाहिलं. डाव्या पायाचं, करंगळी आत वळून शेजारच्या बोटावर चढलेली. ओलं होतं, ताजं. त्याच्या पुढे आणखी एक, मग आणखी एक, सगळी माझ्याकडे येणारी.

मी तशीच उभी राहिले. ती पावलं जिथे संपत होती तिथे मी उभी होते. मग मी खाली पाहिलं. माझ्या डाव्या पायाची करंगळी वळली होती. कधी वळली, मला कळलंच नव्हतं. तोच हौद, तीच कड, तोच पाय.

भीती तिथे संपायला पाहिजे होती. संपली नाही. उलट त्यानंतर मला वाटायला लागलं की माय माझ्या बाजूला नाही, पायांतून वर चढत आहे.

आणि तरी, जे कोणाला कधी सांगितलं नाही ते इथे लिहिते. मला सकाळची वाट बघायला आवडायला लागलं. जगात एकच जागा होती जिथे मायचं नाव रोज मोठ्यानं घेतलं जात होतं, ती गेलीच नाही अशा आवाजात. कारखाना बंद झाला त्या शेवटच्या सकाळी मुन्शीनं सगळी नावं वाचली, नेहमीसारखीच, आणि बुक काखेत मारून निघून गेला. बाया काम गेलं म्हणून रडल्या. मी पण रडले. सगळ्यांना वाटलं त्याच कारणानं रडते.

इथवर मी बुधवारपर्यंत लिहिलं होतं. काही ठरलं नव्हतं. आज शुक्रवार आहे.

काल मॅडम आल्या. हातात माझी राहिलेली चप्पल होती. "आजी, दुसरी द्या, तिची मालकीण एका पायानं घरी गेली," म्हणाल्या. सुनेनं चहा ठेवला. आमचे हे अंगणात पेपर वाचत होते, कान इकडेच.

मॅडमनी पिशवीतून हजेरीची बुकं काढली, कापडात गुंडाळलेली. कड उंदरांनी खाल्लेली. मी तीस-पस्तीस वर्षांनी ती पाहिली आणि आतून तर पहिल्यांदाच. त्यांनी खुणेच्या चिठ्ठ्या लावून ठेवल्या होत्या. "या बाईंचं मला नवल वाटतं," त्या म्हणाल्या. मायच्या नावावर बोट ठेवलं. "सुरुवातीच्या सगळ्या वर्षांत एकही ग नाही. एकही नाही, आजी. मग हे बघा."

पान उघडलं. मायच्या ओळीत अकरा ग होते आणि मधे सुट्टीची दोन रिकामी घरं. तेरा दिवस. मग परत ह.

"आणि हे," त्यांनी पुढची चिठ्ठी उघडली. आठ ग. "आणि इथे तर सव्वा महिना. पुढे मधेमधे पण आहेत. आधी एवढी नेमानं येणारी बाई, नंतर असं काय झालं? आजारी असायच्या का? की मन उडालं होतं?"

मी त्या ओळीकडे बघत बसले. आठ दिवस म्हणजे माझं लग्न. सव्वा महिना म्हणजे मोठ्याचं बाळंतपण. माझ्या लग्नात माय गैरहजर. माझ्या बाळंतपणात माय गैरहजर. खरंच होती, पण बुकात ते तिच्या माथी लागलं होतं. एकेक ग मुन्शीनं सुबक काढलेला. जिला ही दोनच अक्षरं वाचता येत होती, तिच्या नावापुढे.

इतके दिवस मी ह कोणाचे, याचाच विचार करत होते. ग कोणाचे, हा विचार मला सुचलाच नव्हता.

"तिचे नाहीत," मी म्हटलं.

"काय?"

"हे ग. तिचे नाई, मॅडम. माहे आहेत." सून चहा घेऊन दारातच उभी राहिली. मग मी सांगितलं. जसं जमलं तसं, पुढचं मागे आणि मागचं पुढे. मॅडमनी मधे एकदाही विचारलं नाही. सांगून झाल्यावर त्यांनी पहिल्या चिठ्ठीचं पान पुन्हा उघडलं आणि अकरा ग वर बोट ठेवलं. "मग हे कोणाचे, आजी?"

मी ती तेरा घरं बोटानं मोजली.

"ते दोघींचे," मी म्हटलं.

मॅडमनी त्यांच्या वहीतली यादी काढली. "आईचं नाव या पानापर्यंत लिहिते," म्हणाल्या आणि मायच्या नावापुढे पेन्सिलीनं खूण केली. "कापू नका," मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "कापत नाही. पूर्ण करते. आता तुमचं नाव सांगा."

अंगणातून हे म्हणाले, "राशन कार्डावर आहे, पाहून घ्या. मले पण याद करावं लागते." सून हसली.

ते नाव सासरचं. लग्नात बदललेलं. पाच वर्षांतून एकदा मतदानाच्या खोलीत वाचतात, तेही अर्धं चुकवून. मायनं ठेवलेलं नाव वेगळं होतं. ते शेवटचं पुकारलं गेलं चौथीच्या वर्गात. मी मॅडमच्या हातातून पेन मागून घेतलं आणि मायच्या नावाखालच्या कोऱ्या जागेत ते लिहिलं. अक्षर चौथीचंच आहे, ओळ वर चढली.

मॅडमनी वही वळवून घेतली आणि लिहिलेलं मोठ्यानं वाचलं, वर्गात वाचतात तसं.

मी दाराकडे पाहिलं. कोण आलं म्हणून.

"आई," सून म्हणाली, "तुमालेच म्हणून राहिल्या त्या."

मी हाजर म्हटलं. इतकं हळू की मॅडमनी ऐकलं की नाही माहीत नाही. आणि म्हटल्याबरोबर वाटलं, पाठीमागे भिंतीला टेकून इतकी वर्षं कोणी उभं होतं ते आता नाही. घर तेवढंच होतं. चहा निवत होता. मी मान वळवून त्या भिंतीकडे पाहिलं, आणि मला पुन्हा भीती वाटली. ही वेगळी होती, ती आता खरंच गेली याची.

आज सकाळी आठ वाजता न्हाणीत पाय धूत होते. पाणी टाकायचं थांबवलं आणि कान देऊन ऐकलं. थांबल्यावर मागून काही आलं नाही. पाणी मोरीतून वाहून गेलं, पांढरं. मी डावा पाय दगडावर ठेवून करंगळी हातानं सरळ करून पाहिली. सोडली की ती परत वळते, शेजारच्या बोटावर चढून बसते. तेवढी तिची राहिली आहे.